फोटोकाकांचे कुलूप

मित्रांनो, एक्स-रे केंद्रातल्या लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात निळ्या चौकड्यांची एक कापडी पिशवी आहे. तिला बाहेरून एक सुई खोचलेली आहे, तेव्हा हात जरा जपून घाला. आत मी आहे. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. आता माझ्याकडे काम नाही, पण काळजी करायची सवय काही सुटलेली नाही. कुणी कपाटाचे दार जोरात लावले तरी अजून मी दचकते.

हा स्वभाव माझा जन्मापासूनचा. ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत आणि शिंक आली तर खोलीबाहेर पळत. कारण धुळीचा एक कण आत गेला तरी माझा निकाल लागला असता. माझ्या पोटात आरशासारख्या तीन चकत्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून वाचणारा एक बारीक हात सरकतो. चकती आणि हात यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढेही अंतर नसते, तरी एकमेकांना शिवायचे नाही. शिवले की जखम, आणि ती जखम भरून येत नाही. ज्याचा जीव असा कायम टांगणीला लागलेला, त्याने काळजी करायची नाही तर कुणी करायची?

कारखान्यातून मी या केंद्रात आले. इथल्या संगणकात आम्ही दोघी डिस्क होतो. धाकटीकडे संगणक चालवण्याचे काम आणि माझ्याकडे साठवणीचे. छातीचे, हातापायांचे, मणक्यांचे फोटो काढले जात आणि ते सारे माझ्या पोटात येत. फोटो काढणारे गृहस्थ नाकावर चष्मा ठेवून काचेच्या खिडकीमागे उभे राहत आणि म्हणत, "श्वास घ्या. धरून ठेवा. हं, सोडा." गावातली मुले त्यांना फोटोकाका म्हणत, आणि मुलांचे ऐकून मोठी माणसेही तेच म्हणू लागली.

फोटोकाका काही टाकून देत नसत. एखादा माणूस हलला, फोटो पुसट आला, तर ते दुसरा काढत, पण पहिलाही ठेवून देत. "खराब फोटोतही काहीतरी असतंच," हे त्यांचे म्हणणे. त्यामुळे माझे पोट लवकर भरू लागले. एकदा काका आठवडाभर आजारी होते. त्यांच्या जागी तात्पुरता आलेला माणूस फार टापटिपीचा होता. त्याने जागा करायची म्हणून एका वर्षातले सगळे खराब फोटो पुसून टाकले. काका परत आले, त्यांनी पाहिले आणि ते खुर्चीवर बसूनच राहिले. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, कारण पुसताना मी मुकाट्याने पुसू दिले होते. मला कुणी अडवायला सांगितलेच नव्हते.

त्याच दुपारी काकांनी मला कुलूप लावले. मित्रांनो, हे कुलूप लोखंडाचे नसते. माझ्यातल्या प्रत्येक कप्प्याला एक नोंद असते. कप्प्याचा मालक कोण, आत कुणी बघायचे, बदल कुणी करायचा, हे सारे त्या नोंदीत लिहिलेले असते. काकांनी त्यात फक्त स्वतःला ठेवले आणि बाकी सगळ्यांना वगळले. एक गोष्ट मात्र त्यांना माहीत नव्हती. मी माणसाला नावाने ओळखत नाही. संगणक आपल्या प्रत्येक वापरकर्त्याला एक लांबलचक क्रमांक देतो, आणि मी ओळखते तो क्रमांक. काकांचा क्रमांक धाकटीकडे होता. तो आला की मी दार उघडायचे, नाही तर नाही.

ही व्यवस्था बरीच वर्षे बिनतक्रार चालली, कारण इथे एक गमतीची रीत पडली होती. काकांचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवलेला होता, आणि सगळे काकांच्याच नावाने आत येत. केंद्राचे मालक डॉक्टरही काकांच्या नावाने, आणि काकांच्या हाताखाली शिकायला आलेली नवीन ताईही काकांच्याच नावाने. काका निवृत्त झाले, त्यांना शाल मिळाली, भाषणे झाली. "या डिस्कने कधी दगा दिला नाही," असे काका माझ्याबद्दलही बोलले. पण कुलपाबद्दल कुणी बोलले नाही. चिठ्ठी होती ना कीबोर्डखाली. नवीन ताईला इथे येऊन चार वर्षे झाली तरी ती नवीनच राहिली आणि काकांचे नाव पडद्यावर तसेच राहिले.

मग एके दिवशी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि संगणकातून जळका वास आला. धाकटी गेली. मी वाचले. नवा संगणक आला, नवे फोटो त्याच्या पोटात जाऊ लागले आणि मला खणात ठेवले. तिथे स्टेपलरच्या पिना होत्या, एक वाळलेले पेन होते, कुणाचा तरी तुटका चष्मा होता. आठ महिने मी तिथे पडून होते. आपल्याला विसरले याचे दुःख होतेच. पण त्याहून मोठी भीती ही होती, की धाकटीबरोबर काकांचा क्रमांकही जळाला आहे हे कुणाच्या लक्षातच आलेले नाही.

ते लक्षात आले एका मंगळवारी सकाळी. केंद्रात शिंपीणबाई आल्या. गावातल्या दोन्ही शाळांचे गणवेश त्या शिवतात. हातात मोठे पाकीट आणि चेहरा उतरलेला.

"पोरी, माझा सात वर्षांपूर्वीचा छातीचा फोटो निघेल का तुझ्याकडं?" त्यांनी ताईला विचारले.

"तुम्हाला फिल्म दिली असेल ना तेव्हा?"

शिंपीणबाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी पिशवीतून एक काळसर तुकडा काढून टेबलावर ठेवला. तो शर्टाच्या कॉलरच्या आकाराचा होता, कडा खडूने पांढऱ्या झालेल्या.

"ही काय तुझी फिल्म. इतकी छान कडक होती, कॉलरचा साचा केला मी. सात वर्षं यावरून कॉलरी कापतेय. मला काय माहीत, आपलीच छाती आपल्याला कधी लागेल म्हणून."

ताईला हसू आले आणि लगेच मावळले. कारण बाईंनी पाकिटातला नवा फोटो पुढे केला होता. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक डाग दिसत होता, वाटाण्यापेक्षा मोठा. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, तरी छातीच्या डॉक्टरांचे नक्की ठरत नव्हते. ते म्हणाले होते, जुना फोटो आणा. डाग तेव्हाही एवढाच असेल तर तो जुना व्रण आहे, हात लावायची गरज नाही. तेव्हा नसेल, तर शुक्रवारी छाती उघडायची. गुरुवारी संध्याकाळी पाचला दाखल व्हायचे होते. नेमका डागाच्या जागेचा फिल्मचा तुकडा कॉलरीत गेला होता आणि त्यावर ओरखड्यांशिवाय काही दिसत नव्हते.

"डॉक्टर म्हणतात, बरगड्या फाकवून आत जावं लागेल. उजवा हात वर्षभर नीट उचलता येणार नाही. माझा हातच गेला तर मी काय करू गं?" त्या अगदी हळू बोलल्या.

मी खणातून ऐकत होते. तो फोटो माझ्याकडे होता. त्यात डाग आहे की नाही हे मात्र मला माहीत नव्हते. मी फक्त आकडे सांभाळते, त्यांचे चित्र माणसाला दिसते. मला एवढेच ठाऊक होते, की एका बाईची छाती उघडायची की नाही ते माझ्या पोटात लिहिलेले आहे आणि ते मला सांगता येत नाही.

ताईने मला काढले, पुसले, एका वायरने नव्या संगणकाला जोडले. मी फिरू लागले. आठ महिन्यांनी उठताना अंगात कळ आली, पण फिरले. पडद्यावर काकांचा कप्पा दिसला. ताईने तो उघडायला सांगितला. माझ्याकडे तिचा क्रमांक आला, तो नोंदीत नव्हता. मी नियमाप्रमाणे उत्तर दिले, आणि पडद्यावर अक्षरे उमटली: तुम्हाला हा कप्पा उघडण्याची परवानगी नाही.

ताईने काकांना फोन लावला. काका घरी थांबलेच नाहीत, अर्ध्या तासात पायी आले. त्यांना पासवर्ड तोंडपाठ होता. त्यांनी नव्या संगणकावर स्वतःचे नाव जसेच्या तसे घातले, पासवर्डही जुनाच दिला आणि पुन्हा दार वाजवले. नाव तेच, पासवर्ड तोच. पण नव्या संगणकाने त्यांना नवा क्रमांक दिला होता. माझ्यासमोर आला तो परका माणूस. मी पुन्हा तेच उत्तर दिले.

काकांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा प्रयत्न केला. मग पडद्याकडे बघत, जणू मी ऐकतेच आहे असे समजून, ते म्हणाले, "अगं, मीच आहे ना. मीच लावलंय हे."

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली ते मला नीट सांगता येणार नाही. आवाज त्यांचा होता, बोटे त्यांची होती, कीबोर्डवर ठोकण्याची ती अडखळती पद्धतही त्यांचीच होती. आणि मी त्यांना दारातून परत पाठवत होते, त्यांनीच शिकवलेल्या नियमाने. ज्याची राखण करायची त्यालाच मी अडवत होते.

बुधवारी दुपारी जावईबापू आले. केंद्राच्या मालक डॉक्टरांचे जावई. त्यांना संगणकातले सगळे कळते, असे त्यांच्या सासऱ्यांना वाटे. बाकी लोक त्यांना पाठीमागे उंटावरचा शहाणा म्हणत. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारपूस न करता माझ्यातल्या सगळ्या कप्प्यांना, सगळ्या फायलींना एकदम हुकूम सोडला: मालकी माझी, आणि सर्वांना सगळी परवानगी. दोन लाखांहून अधिक फायली होत्या. प्रत्येकीची नोंद काढायची, खोडायची, नवी लिहायची. माझा हात या टोकाकडून त्या टोकाकडे धावू लागला. माझ्या एका चकतीला म्हातारपणाचे चट्टे पडलेले आहेत. तिथे हात अडखळू लागला. मी तापले.

एक तास झाला, पडद्यावरची पट्टी जेमतेम थोडी सरकली होती.

"अडकलंय हे," जावईबापू म्हणाले.

"चालू आहे ते. आवाज येतोय," ताई म्हणाली.

"असा आवाज म्हणजे अडकलंय." आणि त्यांनी वायर ओढली.

लिहिता लिहिता माझा जीव गेला. हात कसाबसा मागे सरकला, आत कर्र झाले. त्यांनी वायर पुन्हा खोचली, तीही अर्धवट. मी उठायचा प्रयत्न केला, पण पुरती वीज मिळेना. तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करावी लागेल. करायची का?

फॉर्मॅट म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. फॉर्मॅट म्हणजे पाटी कोरी. काकांचे सगळे फोटो, चांगले आणि खराब, शिंपीणबाईंची छाती, सारे एका होकारावर उभे होते. आणि जावईबापूंचे बोट होकारावर गेले होते.

"विचारतंय तर करून टाकू. मग उघडेल."

ताईने त्यांचे मनगट धरले. मालकांच्या जावयाचे मनगट तिने धरले, आणि सोडले नाही.

"हात काढा," ती म्हणाली. "माझी नोकरी गेली तरी चालेल. हात काढा आधी."

जावईबापूंनी हात काढला. ते काहीतरी पुटपुटत सासऱ्यांकडे गेले. ताईने मला हळूच बंद केले आणि ती मला दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. आपण फार काही केले असे तिला वाटत नव्हते, उलट उशीर केला असेच वाटत होते. मला मात्र तिचे उपकार कधी फिटणार नाहीत.

गुरुवारी सकाळी तिने दुरुस्तीवाल्यांना बोलावले. त्यांना सगळे सावकाश म्हणतात, कारण ते प्रत्येक गोष्टीला आधी "सावकाश" म्हणतात. त्यांनी येऊन चहा नको म्हटले, मला कानाशी धरले आणि डोळे मिटून माझा आवाज ऐकला. मग वायर बदलली. पुरती वीज मिळाल्यावर मी उठले आणि कप्प्यांची यादी पडद्यावर आली. काका मागे उभे होते, शिंपीणबाई बाकावर. त्यांच्या पायाशी दवाखान्यात न्यायची पिशवी भरून ठेवलेली होती. घड्याळात दहा वाजले होते.

"सावकाश," ते म्हणाले. "हिचं वय झालंय. सगळं घर उघडायला गेलात तर ही मरेल. आपल्याला एकच खोली उघडायचीय. कुठली, ते सांगा."

"मी सगळं तारखेनुसार लावलंय. तारीख सांगा, बाई," काका म्हणाले.

सात वर्षांपूर्वीची तारीख कुणाच्या ध्यानात राहते? शिंपीणबाई विचार करू लागल्या. मला धीर धरवत नव्हता. मग त्या म्हणाल्या, "निळ्या चौकड्यांचा गणवेश पहिल्यांदा आला ते वर्ष. शाळा उघडायला चार दिवस होते, आणि मला खोकल्यानं झोप नव्हती. भाऊ, तुम्ही माझ्यावर ओरडला होतात. आठवतं का?"

काकांचा चेहरा एकदम उजळला. "सुई. तुम्ही झगा घातलात आणि सवयीनं सुई काढून झग्याला खोचलीत. फोटोत ती आली. मी म्हटलं, बाई, फुप्फुसाला टाके घालताय का? आणि दुसरा काढला."

शाळा उघडण्याची त्या वर्षीची तारीख त्यांनी शाळेत फोन करून विचारली, त्यातून चार वजा केले, आणि खोली सापडली.

सावकाशांनी ताईला बाजूला बसवून समजावले. "नाव एक असलं तरी संगणकाच्या लेखी माणूस वेगळा असतो. काकांचा जुना क्रमांक आता या जगात नाही. म्हणून आधी या एका खोलीची मालकी आपल्याकडे घ्यायची. मालक झालो, की मग परवानगी आपणच आपल्याला द्यायची. आधी मालकी, मग परवानगी. उलटं केलं तर होत नाही." त्यांनी दोन ओळी टंकल्या. पहिली ओळ आली आणि माझ्या नोंदीतून काकांचा क्रमांक मालकाच्या जागेवरून निघाला. इतकी वर्षे जपलेला तो क्रमांक. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण दुसरी ओळ आली आणि दार उघडले. मी पहिल्यांदाच ताईला आत घेतले.

आत शिंपीणबाईंच्या नावाने दोन फायली होत्या. ताईने दुसरी, म्हणजे चांगली आलेली, उघडली. माझा हात तिकडे गेला आणि थबकला. त्या फोटोवर चट्टा होता. मी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, दहादा केला. आतून टक टक टक आवाज येऊ लागला. पडद्यावर आले: वाचता येत नाही.

शिंपीणबाईंनी पदराशी चाळा करत पिशवीकडे पाहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"थांबवा," सावकाश म्हणाले. "तिला दमवू नका. आता पहिली."

पहिली म्हणजे सुईवाली. खराब झालेली. टापटिपीच्या माणसाच्या हाती लागली असती तर जी कधीच पुसली गेली असती ती. मी सगळे बळ एकवटले आणि हात अगदी जपून त्या जागी नेला. तिथे चट्टा नव्हता. पडद्यावर वरून खाली एकेक पट्टी उमटू लागली. खांदे दिसले, मग गळ्याजवळची हाडे, मग डावीकडे पांढरीशुभ्र, बोटाच्या पेराएवढी सुई.

"ही माझीच," शिंपीणबाई पुटपुटल्या.

उजवे फुप्फुस उमटले. वरच्या बाजूला, दोन बरगड्यांच्या मध्ये, एक डाग होता. ताईने त्याच्यावर रेघ ओढून मोजले. नवा फोटो शेजारी घेतला, त्यावर मोजले. मग पुन्हा जुन्यावर मोजले, कारण तिचा विश्वास बसत नव्हता. पंधरा मिलिमीटर. पंधरा मिलिमीटर. सात वर्षांत तो डाग तसूभरही वाढला नव्हता.

ताईने दोन्ही फोटो छातीच्या डॉक्टरांना पाठवले. चाळीस मिनिटांनी फोन आला. ते म्हणाले, दाखल होऊ नका, सहा महिन्यांनी नवा फोटो काढून दाखवा. ताईने ते मोठ्याने सांगितले, तरी शिंपीणबाई तशाच ताठ बसून होत्या, ओठ घट्ट मिटून. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हं, सोडा."

बाईंनी श्वास सोडला आणि त्या रडू लागल्या.

त्या दुपारी सावकाशांनी माझ्यातले जे जे निघेल ते काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवले, थोडे थोडे करून, मला विश्रांती देत. काही फोटो निघाले नाहीत. ज्यांचे ते होते त्यांची मी मनापासून माफी मागते. काकांनी ताईला शेजारी बसवून एक कागद लिहून दिला: काय कुठे आहे, कुणाला काय उघडता येते, आपल्यानंतर कुणाला सांगायचे. कीबोर्डखालची चिठ्ठी फाडली. ताईला स्वतःचे नाव आणि स्वतःचा क्रमांक मिळाला. आता तिला कुणी नवीन म्हणत नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुलूप जरूर लावा, माझ्या काकांनी लावले नसते तर सुईचा फोटो कदाचित उरला नसता. पण तुमच्यानंतर ते कोण उघडणार, हे त्याच दिवशी कुणाला तरी सांगून ठेवा. मौल्यवान गोष्ट एकाच जागी ठेवू नका. आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांची वायर ओढू नका.

ही पिशवी शिंपीणबाईंनी शिवली, त्या गणवेशाच्या उरलेल्या कापडाची. सहा महिन्यांनी त्या नव्या फोटोसाठी आल्या तेव्हा काकाही सहज म्हणून आले होते. झगा घालून बाई यंत्रासमोर उभ्या राहिल्या. ताईने खिडकीमागून विचारले, "सुई?"

बाईंनी छातीवर हात फिरवला, आणि होतीच ती तिथे. त्यांनी ती काढली, कपाटापाशी येऊन माझ्या पिशवीला खोचली आणि परत जाऊन उभ्या राहिल्या. ताई म्हणाली, "श्वास घ्या. धरून ठेवा." मीही धरून ठेवला. डाग पंधरा मिलिमीटरच होता.